हेंडगा कुणी विझवला?

माळेवाडी, १ जानेवारी २०२५

आप्पा,

नातीचं अक्षर वाकडं दिसलं तर रागावू नका. खिचड्याचं पातेलं उतरवताना उजव्या हाताची दोन बोटं भाजली आहेत. फार नाही. पेन कसंबसं धरलंय, त्यामुळं ओळी चढावर निघाल्यासारख्या दिसतील.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. शांताक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "हातात घेतात, नाव बघतात अन् खाली ठेवतात बघ." म्हणजे नाव तरी बघता. तेवढ्यावर हे पत्र टाकायचं धाडस करते आहे. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन उमरग्याला बहिणीकडं गेलात, त्याला आता साडेचार महिने झाले. अण्णा रोज सकाळी तुमच्या खुर्चीवरची धूळ झटकतात आणि तिच्यावर बसत नाहीत.

परवा सोमवारी अवसेला येळवस झाली. यंदा पहिल्यांदाच गायरान राखणाऱ्या आमच्या गटानं ती गायरानावर केली. कल्पना माझीच. येळवशीला सगळं गाव आपापल्या शेतात जेवायला जातं, पण ज्यांना शेतच नाही त्यांनी कुठं जायचं, असं मला दरवर्षी वाटायचं. गायरान तर सगळ्यांचं आहे. गटातल्या एकतीस पोरापोरींनी कडब्याची कोप उभी केली, पाच दगड चुन्यानं रंगवले. भज्जी, आंबील, उंडे, सगळं होतं. गटातला अमरसिंह म्हणतो दोनशे माणूस जेवलं. मी पत्रावळ्या मोजल्या, एकशे अडुसष्ट भरल्या. मेंढरांच्या वाड्यावरून नागूबाईसुद्धा चरवीभर दूध घेऊन आल्या. ईरण्णांनी दोनदा भज्जी मागून घेतली आणि तुमची आठवण काढून म्हणाले, "शंभुलिंग असता तर मीठ कमी म्हणला असता."

सगळं नीट पार पडलं.

गवत यंदा कमरेएवढं होतं. इथं आधी 'आहे' लिहिलं होतं, ते खोडलंय. एकाच रेघेनं खोडलंय, तुम्ही शिकवलं तसं, खालचं वाचता येतं. शाळेच्या नुसत्या नावानं मला उलटी व्हायची, म्हणून तुम्ही तिसरीपर्यंत घरीच शिकवलंत, तेव्हापासून चूक गिरगटून झाकायची सवय मला लागलीच नाही. त्या शब्दाबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

गायत्री


माळेवाडी, ६ जानेवारी

आप्पा,

मागचं पत्र पेटीत टाकलं. त्यात एक गोष्ट लिहिली नव्हती.

येळवशीच्या संध्याकाळी गायरानाला आग लागली. माणसं सगळी सुखरूप आहेत. मेंढरंही. चाळीस एकरांतलं अकरा एकर आणि थोडं वर गवत गेलं. अमरसिंहनं मोबाइलवर मोजलं, मी दुसऱ्या दिवशी पावलांनी मोजलं, दोन्ही आकडे जवळजवळ जुळले. ओढ्याकडचा सगळा पट्टा काळा आहे. मारवेल आणि पवन्या गवत तिथंच सगळ्यात दाट आलं होतं. पोरांनी दोन पावसाळे तिथून वेडी बाभूळ मुळासकट उपटली होती, दगडांचे बांध घातले होते. गटातली निकिता त्या काळ्या रानात उभी राहून रडली आणि मग म्हणाली, "ताई, सशाची पिल्लं गेली असतील का?" मला माहीत नव्हतं. मी 'माहीत नाही' म्हणाले.

एक बरं आहे. नोव्हेंबरमध्ये पोरांनी गोळा केलेलं गवताचं बी समाजमंदिरात पोत्यांत ठेवलंय. एकवीस पोती. त्याला धक्का लागलेला नाही.

आग विझवायला सगळ्यात आधी नागूबाईच्या वाड्यावरची माणसं धावली. ओल्या घोंगड्या घेऊन आली आणि मारत सुटली. नागूबाईची स्वतःची घोंगडी निम्मी जळाली. आपलं गाव पोचलं तोवर त्यांनी कड अडवली होती. आणि आता गावात काय चाललंय ऐका. "हे आधीच तिथं कसे पोचले? बिडी ओढत बसले असतील. त्यांनीच लावली. चराईबंदीचा राग, दुसरं काय." पारावर, चक्कीवर, सगळीकडं हेच.

काल सरपंच रामहरी नागूबाईच्या वाड्यावर जाऊन सांगून आले, की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव होणार. इथून पुढं बाहेरची मेंढरं गावाच्या शिवारात नकोत. नागूबाईची मेंढरं दरवर्षी दिवाळीनंतर येतात. त्यांच्या सासूच्या काळापासून येतात, हे मला तुम्हीच सांगितलं होतं.

आग कशी लागली ते नक्की कळलेलं नाही.

गायत्री


माळेवाडी, १५ जानेवारी

आप्पा,

तुमचं कार्ड काल संक्रांतीच्या दिवशी मिळालं. पाच महिन्यांनी तुमचं अक्षर पाहिलं. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, एकच ओळ. 'हेंडगा कुणी विझवला?'

मी कार्ड पदराखाली धरून न्हाणीघरात गेले आणि तिथं बराच वेळ बसले. अव्वा बाहेरून विचारत होत्या, "पोट बिघडलं का गं?"

उत्तर असं आहे. कुणीच नाही.

आता सगळं क्रमानं लिहिते. दिवेलागणीला अमरसिंह म्हणाला, "ताई, हेंडग्याशिवाय येळवस कसली?" मला आधी नको वाटलं, खरंच वाटलं. पण सगळी पोरं माझ्याकडं बघत होती, लहान लेकरं तर आधीच नाचायला लागली होती. घरोघर तसंच होतं ना. दिवेलागणीला कडब्याची पेंढी पेटवायची आणि पिकाभोवती पळवत न्यायची. मी 'बरं' म्हणाले. आपल्याकडं पेटवायचा मान धाकट्याचा, पण कुणीतरी म्हणालं, गट ताईनं जमवला, ताईलाच पेटवू दे. काडी मी ओढली. अमरसिंह आणि चारपाच जण आळीपाळीनं पेंढी धरून गायरानाच्या कडेनं पळाले. सगळे ओरडत होते. मीही.

तुम्ही विचारण्याआधी मीच विचारते. मला कळलं कसं नाही? शेतात हेंडगा फिरतो तेव्हा आजूबाजूला काय असतं? हिरवा गहू, हिरवा हरभरा, पोटरीतली ज्वारी. ते पेट घेत नाही. आणि गायरानावर पौषाच्या तोंडाला गवत असतं वाळून सोनं झालेलं. ज्यांना शेत नाही त्यांची येळवस व्हावी म्हणून मी शेतातली रीत जशीच्या तशी उचलून माळावर नेली. गवताच्या जातींची सतरा नावं पोरांकडून पाठ करून घेतली मी, आणि वाळलेलं गवत जळतं एवढं मला सुचलं नाही.

आणि दुसरं, ज्यावर तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. पेटवतो धाकटा, विझवतो थोरला. आपल्या शेतात दरवर्षी तुम्ही बांधावर पायानं माती लोटून, वर तांब्याभर पाणी ओतून हेंडगा विझवायचात आणि मगच निघायचात. मी लहानपणी त्याला तुमची सवय समजत होते. गायरानावर त्या पेंढीचं बूड ओढ्याजवळच्या दगडांवर टाकलं, आणि जो तो भांडी आवरायला लागला. घरात थोरला ठरलेला असतो. गायरानावर कुणाचं घर? म्हातारी माणसं दहाबारा होती तिथं. मी कुणालाच म्हणाले नाही की तुम्ही विझवा. वारा सुटला. आम्ही पारापाशी पोचलो आणि मागं वळून पाहिलं.

बोटं खिचड्यानं भाजली नाहीत. ओलं पोतं मारताना भाजली.

हे अमरसिंहला माहीत आहे. आम्ही दोघं दुसऱ्या सकाळी तिथं गेलो होतो, बूड पडलं होतं त्या दगडांपासूनच काळी वाट सुरू होते. त्याला म्हटलं, मी सांगणार. तो म्हणाला, "ताई, जरा डोकं चालवा. रामहरीकाका रात्रीच बोलले, पोरांनी पेटवलं असंल तर गायरान पोरांच्या हातात ठेवायचं न्हाय, दुसऱ्या कामाला द्यायचं. मेंढरं काय, दुसऱ्या गावाला जातील. गायरान कुठं जाणार?"

तो वाईट नाही आप्पा. आगीत त्याच्याही भुवया गेल्या. त्याला गायरान वाचवायचं आहे. आणि सगळ्यात वाईट हे, की त्याचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. पंधरा दिवस मी त्याच्या आडोशाला बसले. लोक नागूबाईला बोलत होते तेव्हा चक्कीवर दळणाच्या रांगेत मी उभी होते. मी चक्कीच्या पट्ट्याकडं बघत राहिले.

आणखी एक आहे. पंधरा ऑगस्टला चराईबंदीच्या ठरावावर तुम्ही बोलायला उठलात. मोबाइलवर वेळ लावून मी बसले होते. प्रत्येकाला तीन मिनिटं. तुम्हाला मधेच थांबवलं, "आप्पा, तुमचा वेळ संपला." नियम सगळ्यांना सारखा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण ज्यांनी मला बोलायला शिकवलं त्यांना सगळ्या गावासमोर मी खाली बसवलं. तुम्ही इथं असता तर हेंडगा विझला असता. हे मी तुमच्यावर ढकलत नाही. तुम्ही इथं नव्हता ते माझ्यामुळं.

सव्वीसला मी सांगणार आहे. हे इथं लिहून ठेवते म्हणजे मागं फिरता येणार नाही.

गायत्री


माळेवाडी, २५ जानेवारी

आप्पा,

उद्या सभा. दोन दिवस अन्न जात नाही. 

सभेत सांगायच्या आधी नागूबाईला सांगायला हवं असं वाटलं. ज्यांचं नाव घेतलं गेलं त्यांना ते सभेत, चारचौघांत पहिल्यांदा कळणं बरोबर नाही. म्हणून आज सकाळी वाड्यावर गेले. त्या एका करडाच्या खुरात अडकलेला काटा काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, पाठ केलं होतं तसं.

त्यांनी वर पाहिलंही नाही. म्हणाल्या, "म्हायती हाय की."

"कसं?"

"अगं, आमचा वाडा कुठं, तुमचा हेंडगा कुठं. म्या हितनं बघत व्हते. ते बूड दगडावर टाकलं तवाच म्हनले, ह्येनी पानी टाकलं न्हाय. उटून येस्तोवर वाऱ्यानं उचाललं."

मी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत? पंचवीस दिवस लोक तुम्हाला..."

तेव्हा त्यांनी काटा काढून बाजूला टाकला आणि माझ्याकडं पाहिलं. "आमी बोलून? त्या दिसापासनं तीनदा बोलले. रामहरीला बी बोलले. तो म्हनला, आता गावावर ढकलती व्हय. आमचं बोलनं वाऱ्यावर जातं बाई. तुजं कागदावर जातं."

मी म्हणाले, उद्या सांगते. त्या म्हणाल्या, "सांग. पर आदी खाऊन जा. भोवळ येऊन पडलीस तर म्हनतील, मेंढरंवालीनं काय तरी केलं."

आणि हसल्या. मला हसू आलं नाही, पण त्यांनी दिलेली भाकरी मी निम्मी खाल्ली. दोन दिवसांतलं तेवढंच.

गायरान जाईल बहुतेक. एकतीस पोरांना काय सांगायचं ते ठरवते आहे.

गायत्री


माळेवाडी, २७ जानेवारी

आप्पा,

आधी शेवट सांगते, म्हणजे तुम्ही पत्र शांतपणे वाचाल. काल संध्याकाळी मी तीन भाकरी खाल्ल्या आणि सकाळी आठपर्यंत झोपले. अव्वांनी दोनदा कपाळाला हात लावून पाहिला म्हणे.

झेंडावंदन झालं, सभा बसली. रामहरींनी ठराव वाचायला घेतला. बाहेरील मेंढरांना गावाच्या शिवारात कायमची बंदी. मी उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "आग मेंढरंवाल्यांनी लावली नाही. हेंडग्यानं लागली. काडी मी ओढली होती आणि विझवल्याची खात्री न करता मी घरी आले." एवढंच. मग बसले.

अमरसिंह उठला. मला वाटलं, आता हा मला खोटं पाडणार. तो म्हणाला, "पळवला मी. ताईनं एकटीनं काय केलं न्हाय." मग निकिता उठली. मग ज्यांनी ज्यांनी पेंढी धरली होती ती पोरं एकेक उठली. एका बाईनं आपल्या नातवाला धपाटा घातला, "तू बी?"

रामहरी लालबुंद. "म्हंजे आपल्याच गावानं लावली आन् आपुन महिनाभर..." मग एकदम मोठ्यानं, "पर इझवला का न्हाय कुनी? एवढी जुनी खोडं व्हती तिथं!"

ईरण्णा म्हणाले, "मला वाटलं तू इझवशील. तू सरपंच."

"म्या? थोरला कोन हाय? तू माज्यापेक्षा थोरला."

"म्या कुठला थोरला? तुजा जलम दुष्काळाच्या आदला, माजा दुष्काळातला."

"खोटं बोलू नकोस ईरण्णा, शाळेच्या दाखल्यावर बघ."

"दाखल्यावर मास्तरनं मनानं लिवलंय!"

आप्पा, पाच मिनिटं ते दोघं गावात थोरला कोण यावर भांडत होते, आणि कुणालाच थोरलं व्हायचं नव्हतं. आधी मागं बसलेल्या बायका हसल्या, मग सगळी सभा. मग तिसरे एक म्हातारे म्हणाले, मला वाटलं ईरण्णा विझवील. चौथे म्हणाले, मला वाटलं पोरांनी पाणी आणलं असंल. एकशे अडुसष्ट माणसं जेवून उठली आणि प्रत्येकाला वाटलं, माझ्यापेक्षा थोरलं कुणीतरी इथं आहे. मी जवळजवळ चार आठवडे समजत होते की एवढी मोठी चूक फक्त माझी आहे. माझी आहेच. पण तिच्याशेजारी बसायला इतकी माणसं निघतील असं वाटलं नव्हतं.

नागूबाई दाराशी उभ्या होत्या, आत बोलावलं तरी येत नव्हत्या. रामहरी स्वतः उठून दारापर्यंत गेले. माफी असं तोंडानं म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुमची घोंगडी जळाली म्हनं." नागूबाई म्हणाल्या, "घोंगडीचं सोडा. आमाला आदी फिरू दिलं असतं तर जळाय एवढं उरलंच नसतं. बी पडल्यावर वाळलेलं मेंढरानं खावं. राखून राखून तुमी नुसती पेंढी रचून ठिवली माळावर."

मेंढरं आली की रान संपतं, एवढंच मी दोन वर्षं पोरांना शिकवत आले होते.

शेवटी ठरलं ते असं. बंदीचा ठराव मागं. गायरान पुढच्या पंधरा ऑगस्टपर्यंत गटाकडंच, मग पुन्हा बघायचं. पावसाळ्यापासून बी पडेपर्यंत चराई बंद, बी पडल्यावर खुली. सगळ्या कडेनं दहा हात रुंद पट्टा गवत कापून मोकळा ठेवायचा. आणि गटाची प्रमुख मी राहायचं नाही. ते काम निकिताकडं दिलं. मला शिक्षा म्हणून पाऊस लागेपर्यंत रोज संध्याकाळी तो मोकळा पट्टा चालून बघायचा, कुठं काडीकचरा साठला का ते.

रामहरींनी विचारलं, "मान्य हाय का?" मला वाटतं मी जरा जास्तच पटकन 'हो' म्हणाले. लोकांना ते शिक्षा घेतल्यासारखं दिसलं नाही.

गायत्री


माळेवाडी, ९ फेब्रुवारी

आप्पा,

तुमचं चार पानी पत्र! अण्णांनी पोस्टमनकडून घेतलं, वजन करून पाहिल्यासारखं हातात तोललं आणि न उघडता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मग जेवण होईपर्यंत माझ्याच तोंडाकडं बघत बसले.

डोळ्याचं ऑपरेशन आहे म्हणून येणं लांबलं, हे आधी कळवायचं होतं हो. मी पाच महिने समजत होते तुम्ही नुसते रागानं बसला आहात. तुम्ही लिहिलंय, पहिला महिना राग होता, पुढचे चार मोतीबिंदू. हे वाचून मी रडले की हसले ते मला सांगता येणार नाही. फोनवर माझं नाव बघत नव्हता तुम्ही, नाव दिसतंय का ते बघत होता!

आणि तीन मिनिटांबद्दल. तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहिते, कारण ते मी अण्णांना तीनदा वाचून दाखवलं. 'तीन मिनिटं पुष्कळ होती. मला दोनच वाक्यं बोलायची होती, पण मी निजामाच्या मोजणीपासून सुरुवात केली.' अण्णा म्हणाले, "निजामापासून? मग संपलंच." आणि तुमच्या खुर्चीवर बसले. आधी बसले, मग लक्षात आलं, मग तसेच बसून राहिले.

ती दोन वाक्यं तुम्ही चौथ्या पानावर लिहिली आहेत. 'बी पडेपर्यंत राखा, बी पडलं की मेंढरू सोडा. वाळलेलं राहिलं तर एक काडी पुरते.' आप्पा, मी तुम्हाला या वाक्यांच्या अलीकडं थांबवलं. पुढच्या वेळी तुम्ही शेवटापासून सुरुवात करा आणि निजाम मागून येऊ द्या.

'पोरगी खरं बोलली तेवढं पुरे, आता कुढत बसू नकोस' असं लिहिलंय तुम्ही. प्रयत्न करते. आज कुढणं साधारण चहा होईपर्यंतच टिकलं.

पट्टा चालायला मला आवडतं, हे रामहरींना सांगू नका. पोरं बरोबर येतात. पहिल्या दिवशी सहा, काल चौदा. मी प्रमुख होते तेव्हा रविवारीसुद्धा इतकी येत नव्हती, माझ्या हातात यादी असायची ना. निकिता यादी करत नाही. ती नुसती हाक मारते, "ए, चला रे, ताईची शिक्षा बघाय!" येतात. अमरसिंहला भुवया फुटायला लागल्या आहेत, तो त्या रोज आरशात मोजतो असं त्याची आई सांगते.

ओढ्याकडच्या काळ्या पट्ट्यात, जिथं ओल आहे तिथं, मारवेलीच्या बुडख्यातून नखाएवढा हिरवा फुटवा आलाय. सगळीकडं नाही. मी एका काठीच्या मापानं चौकोन आखून मोजले, दहा बुडख्यांत सहा फुटलेत. चारांचं पावसाळ्यात कळेल. सशाची लेंडीही दिसली. निकिताला दाखवली तर तिनं ती कागदात बांधून घरी नेली.

ऑपरेशननंतर डोळा झाकून ठेवायचा सांगितलाय तर वाचू नका. शांताक्कांच्या नातीकडून वाचून घ्या. तिला म्हणावं, निजामाचा भाग गाळू नको.

गायत्री


माळेवाडी, २१ मार्च

आप्पा,

होळीला चार दिवस राहून गेलात आणि घरातला आवाजच बदलला. दुसऱ्या डोळ्याला गेलात ते बरं केलंत. अण्णा आता तुमच्या खुर्चीवर राजरोस बसतात आणि म्हणतात, "जागा धरून ठेवलीय."

तुम्ही गेल्यावर झालं ते सांगायला लिहिते. परवा नागूबाईंनी निरोप पाठवला, वाडा हलवतोय. जुनी सवय. मला वाटलं, कुणीतरी काही बोललं. पट्टा अर्धा टाकून मी पळतच गेले. जाळ्या गुंडाळून झाल्या होत्या, घोड्यावर भांडी, वर कोंबड्या बांधलेल्या, आणि दोन कोकरं पिशवीतून तोंड काढून बघत होती.

"काय झालं? कोण काय म्हणालं?"

नागूबाई म्हणाल्या, "कोन म्हनंल? हितलं खाऊन झालं. पानी आटलं. आता तेरना नदीच्या काठानं तेरकडं, मग फुडं. दर साली ह्याच टायमाला जातो की. तुजा आप्पा हुता तवा त्याला ठावं असायचं."

मी तरी विचारलं, "खरंच ना?" त्या वैतागल्या. "अगं बाई, न्हाई हाकललं कुनी. तुला काय वाईट झाल्याबिगर चैन पडत न्हाय व्हय?"

रामहरी आले होते, त्यांच्या पडीक रानात यंदा मेंढरं आठ दिवस जास्त बसली म्हणून खूश होते. ईरण्णांनी शिदोरीला चटणी दिली. पोरं गावाच्या शिवेपर्यंत मागं गेली, निकिता तर एक कोकरू खांद्यावर घेऊन. शिवेवर नागूबाईंनी कोकरू परत घेतलं आणि म्हणाल्या, "दिवाळी झाली की पंधरा दिसात. बी पडलं का बघून ठिवा."

मी तिथंच उभी राहिले, शेवटचं मेंढरू वळणाआड जाईपर्यंत. धूळ बसली. आणि मग मला कळलं की मी कशाची वाट बघत होते. कुणीतरी मागून येऊन काही वाईट सांगेल याची. कुणी आलं नाही. नागूबाई गेल्या. त्यांची वेळ झाली होती, म्हणून गेल्या.

गायत्री